नांतचे फर्मान, 1598: चौथ्या हेन्रीने दोन पंथांची वाटणी कशी केली

कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट या दोन पंथांतला तंटा मिटवण्यासाठी फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याने एप्रिल 1598 मध्ये नांत शहरात ज्या फर्मानावर सही केली, त्यात नवे म्हणावे असे फार थोडे होते. त्याच्या आधीच्या राजाने, तिसऱ्या हेन्रीने, 1577 साली प्वातिए इथे काढलेले फर्मान शेजारी ठेवले तर कलमांमागून कलमे जुळतात. 1577चे फर्मान तीन वर्षेही धड चालले नाही. 1598चे 87 वर्षे कागदावर राहिले, आणि त्यातली पहिली बारा, म्हणजे हेन्री जिवंत असेपर्यंतची, फ्रान्समध्ये धर्मयुद्धाविना गेली. मजकूर बराचसा तोच, मग फरक कशाने पडला?

नेहमीचे उत्तर असे की राजा सहिष्णु होता. मला ते अपुरे वाटते. 1560च्या दशकातली राजमाता कॅथरिन द मेदिची आणि तिचा चॅन्सलर मिशेल द लोपिताल हेही समेटाच्याच बाजूचे होते, आणि लोपितालने या प्रश्नावर हेन्रीपेक्षा कितीतरी खोल विचार केला होता. त्यांना ते साधले नाही. 1561 साली त्यांनी प्वासीला दोन्ही पंथांच्या विद्वानांना समोरासमोर बसवले. प्रभुभोजनातल्या भाकरीत ख्रिस्त असतो की नाही यावर चर्चा अडली ती अडलीच. हेन्री असल्या भानगडीत पडला नाही. त्याने वहिवाटीचा वाद सोडवायला घेतला: कोणी कुठे, किती जणांनी, कोणत्या तारखेच्या दाखल्यावर प्रार्थना करायची, मेलेल्याला कुठे पुरायचे, फिर्याद कोणापुढे न्यायची, पाळकांचा पगार कोण देणार. भाऊबंदकीतल्या वाटणीपत्रात जसे विहिरीचे पाणी, बांध आणि आंब्याचे झाड लिहिलेले असते आणि भावाभावांतल्या प्रेमाबद्दल अवाक्षर नसते, तसा हा कागद आहे. त्याचे यश त्यातच होते, आणि पुढे तो फाटला तोही त्याच शिवणीवर.

आधीची छत्तीस वर्षे

हा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तपशिलात शिरले तर आठ युद्धांची जंत्रीच होईल. जानेवारी 1562 मध्ये कॅथरिनने प्रॉटेस्टंटांना, म्हणजे फ्रान्समधल्या कॅल्व्हिनपंथी ह्यूगेनॉटांना, तटबंदीच्या शहरांबाहेर प्रार्थनेची मुभा दिली. 1 मार्चला व्हासी गावात गीझच्या ड्यूकच्या माणसांनी एका कोठारात जमलेल्या ह्यूगेनॉटांना कापून काढले आणि पहिले युद्ध सुरू झाले. तेव्हापासून युद्ध, तह, फर्मान, पुन्हा युद्ध असे रहाटगाडगे चालू राहिले. 1563, 1568, 1570, 1573, 1576, 1577, 1580 ही नुसती तहांची सालं. मधोमध 24 ऑगस्ट 1572 ची सेंट बार्थोलोम्यूची कत्तल: पॅरिसमध्ये दोन-तीन हजार माणसे मारली गेली आणि पुढच्या आठवड्यांत ते लोण प्रांतोप्रांती पोहोचले.

या प्रत्येक तहात दोन्ही बाजूंना कबूल होतील अशी कलमे होती, पण ती राबवणारे हात नव्हते. राजा कर्जबाजारी होता. सैन्य सरदारांचे होते. गीझ घराणे कॅथलिकांचे नेतृत्व करत होते आणि स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडून पैसा घेत होते. ह्यूगेनॉटांना इंग्लंड आणि जर्मन संस्थानिकांची फूस होती. कॅथलिक लीगने, म्हणजे कट्टर कॅथलिकांच्या संघाने, 1588 साली पॅरिसमध्ये अडथळे उभारून तिसऱ्या हेन्रीला राजधानीतून पळवून लावले. त्याने त्याच वर्षी डिसेंबरात ब्लुआच्या किल्ल्यात गीझच्या ड्यूकचा खून करवला. 1 ऑगस्ट 1589 रोजी झाक क्लेमाँ नावाच्या डॉमिनिकन साधूने तिसऱ्या हेन्रीच्या पोटात सुरा खुपसला. राजाला मूल नव्हते. वारसाहक्काने गादी आली ती नाव्हारच्या हेन्रीकडे, ह्यूगेनॉटांच्या सेनापतीकडे. हाच चौथा हेन्री.

दोन्हीकडचा माणूस

हा हेन्री 1553 साली पो इथे जन्मला. बाप्तिस्मा कॅथलिक पद्धतीने झाला. आई जान दाल्ब्रे हिने कॅल्व्हिनपंथात वाढवले. बापाने लहानपणी काही काळ बळजबरीने मिस्सेला, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला, बसवले. 18 ऑगस्ट 1572 रोजी राजाची बहीण मार्गरित हिच्याशी त्याचे लग्न झाले. त्या लग्नाला जमलेले वऱ्हाडीच सहा दिवसांनी कत्तलीत सापडले. स्वतः हेन्री कॅथलिक होऊन वाचला. 1576 साली दरबारातून निसटला आणि पुन्हा प्रॉटेस्टंट झाला. 25 जुलै 1593 रोजी सँ-दनीच्या मठात तो पुन्हा कॅथलिक झाला, या वेळी कायमचा. ‘पॅरिससाठी एक मिस्सा परवडते’ असे तो म्हणाल्याचे सगळीकडे छापलेले सापडते. तो तसे बोलल्याचा पुरावा नाही, पण ज्यांनी ते त्याच्या तोंडी घातले त्यांना माणूस बरोबर कळला होता.

एवढ्या वेळा इकडून तिकडे गेलेल्या माणसावर दोन्ही बाजूंनी अविश्वास ठेवायला हवा होता, आणि तसा तो ठेवलाही. कॅथलिकांना त्याचे धर्मांतर ढोंग वाटे, ह्यूगेनॉटांना दगा. पण याचा एक फायदा क्वचितच कोणी सांगते. दोन्ही छावण्यांत कोण खरोखर श्रद्धेसाठी लढतो आणि कोण जहागिरीसाठी, हे त्याला आतून माहीत होते. जहागिरीवाल्यांना त्याने विकत घेतले. लीगचे एकेक सरदार आणि एकेक शहर रोख रक्कम, पेन्शन आणि सुभेदाऱ्या देऊन त्याने फोडले. पॅरिसचा लीगच्या बाजूचा गव्हर्नर ब्रिसाक याने 22 मार्च 1594 रोजी पहाटे दरवाजे उघडले आणि तो फ्रान्सचा मार्शल झाला. अर्थखाते सांभाळणाऱ्या सलीने (हा शेवटपर्यंत प्रॉटेस्टंटच राहिला) पुढे जो हिशेब मांडला, त्यात या सगळ्या खरेदीचा आकडा तीन कोटी लिव्रच्या वर जातो. एवढ्या पैशात आणखी एक युद्ध झाले असते, आणि शहरे मात्र जळालेली मिळाली असती.

आमियँ आणि नांत

मग फर्मानाला 1598 का उजाडले? 1595 मध्ये पोप आठव्या क्लेमेंटने हेन्रीला पापमुक्त केले होते. लीग मोडत आली होती. खरा घोर होता जुन्या सोबत्यांचा. राजा कॅथलिक झाल्यावर ह्यूगेनॉटांनी 1594 पासून आपली प्रांतवार राजकीय संघटना बांधली आणि त्यांच्या सभा एकामागून एक भरू लागल्या: सोम्यूर, लुदँ, व्हाँदोम, शातेलरो. लीगवाल्यांना बक्षिसे मिळतात आणि आम्ही वीस वर्षे रक्त सांडले तर आमच्या तोंडाला पाने पुसली जातात, ही त्यांची तक्रार चुकीची म्हणता येत नाही.

मार्च 1597 मध्ये स्पेनच्या सैन्याने आमियँ घेतले, आणि घेतले तेही फजिती व्हावी अशा रीतीने. शेतकऱ्यांच्या वेषातले सैनिक वेशीवर आले, एकाने अक्रोडांचे पोते सांडले, पहारेकरी वेचायला वाकले आणि गाडी दरवाजात अडकवून फाटक बंद होऊ दिले नाही. पॅरिसपासून आमियँ काही दिवसांच्या चालीवर. हेन्रीने सगळ्यांना मदतीला बोलावले. बुइयाँ आणि ला त्रेमुई हे ह्यूगेनॉटांचे मोठे सरदार आलेच नाहीत. आधी आमच्या मागण्यांचे बोला, असा त्यांचा पवित्रा. नाक दाबले की तोंड उघडते, हे त्यांना राजाकडूनच शिकायला मिळाले होते. सप्टेंबरात आमियँ परत मिळाले, पण धडा मिळायचा तो मिळाला. राजाच्या वतीने शोंबेर, इतिहासकार द तू, व्हिक आणि कालिन्यों हे बोलणी करत राहिले. यांतला कालिन्यों स्वतः प्रॉटेस्टंट होता.

इकडे लीगचा शेवटचा मोठा सरदार, ब्रिटनीचा मेर्कर, मार्च 1598 मध्ये शरण आला. त्याच्या एकुलत्या वारस मुलीची सोयरीक राजाच्या अनौरस मुलाशी ठरली. त्याची शरणागती पदरात पाडून घ्यायला हेन्री नांतला पोहोचला आणि ह्यूगेनॉटांचा कागदही तिथेच पुरा झाला. स्पेनशी तहाची बोलणी सुरू होतीच. तो तह 2 मेला व्हेर्व्हँ इथे झाला. कॅथलिक सरदार, ह्यूगेनॉट आणि स्पेन या तिघांशी एकाच ऋतूत मिटवणे हा योगायोग नव्हता. कोणालाही दुसऱ्याच्या भांडणाचा आधार मिळू नये, अशी ती आखणी होती.

कागदात काय होते

फर्मान म्हणजे एक दस्तऐवज नव्हे, चार. एक जाहीर, 92 कलमांचा. दुसरा खास बाबींचा, 56 कलमांचा, जाहीर न केलेला. आणि दोन राजपत्रे, फक्त राजाच्या शब्दावर. जाहीर भाग न्यायालयांत नोंदवायचा, राजपत्रे नोंदवायचीच नाहीत. हा भेद लक्षात ठेवावा.

पहिले कलम स्मृतीबद्दल आहे. मार्च 1585 पासून राजा गादीवर येईपर्यंत आणि त्याआधीच्या दंगलींत जे जे घडले त्याची आठवण, जणू ते घडलेच नाही, अशी विझवून टाकावी. सरकारी वकिलांनी त्यावर खटला भरू नये. दुसरे कलम सामान्य माणसाला तेच सांगते: जुने उकरू नका, टोमणे मारू नका, भांडू नका. आज सत्यशोधन आयोगांच्या काळात आपल्याला हे कलम खुपते. ज्याचा भाऊ 1572 ला मारला गेला त्याने काय करायचे? पण 86वे कलमही वाचावे. बलात्कार, जाळपोळ, दगाबाजीने केलेले खून, खासगी सुडासाठी केलेली कृत्ये यांना ही माफी नाही. युद्धातले ते युद्धात जमा, युद्धाच्या आडोशाने उरकलेले मात्र नाही. रेघ पुसट होती, पण ओढलेली होती.

तिसरे कलम कॅथलिकांना दिलेले आहे आणि ते बहुतेक वेळा विसरले जाते. जिथे जिथे मिस्सा बंद पडली होती तिथे ती पुन्हा सुरू व्हायची, चर्चच्या इमारती आणि उत्पन्ने परत द्यायची. ला रोशेलसारख्या ह्यूगेनॉटांच्या बालेकिल्ल्यात कॅथलिक उपासना परतली ती या कलमामुळे. प्रॉटेस्टंटांना दिलेली मुभा तुकड्यातुकड्यांची होती, कॅथलिकांची सरसकट. बरोबरीचा हा करार नव्हताच. राज्याचा धर्म कॅथलिक, आणि दुसरा चालू दिलेला.

सहाव्या कलमाने घरात कोणी काय मानावे याची चौकशी बंद केली: राज्यात कुठेही राहा, धर्मावरून कोणी छळणार नाही. सार्वजनिक प्रार्थनेचे नियम मात्र काटेकोर. उच्च न्यायाधिकार असलेल्या सरदाराच्या वाड्यात प्रार्थना होऊ शकेल आणि बाहेरचे लोकही येऊ शकतील. लहान जहागीरदाराच्या घरी कुटुंबाखेरीज तीसच माणसे. जिथे 1596 मध्ये आणि 1597च्या ऑगस्टअखेरपर्यंत प्रार्थना प्रत्यक्ष चालू होती, तिथे ती चालू राहील. याशिवाय प्रत्येक न्यायालयीन जिल्ह्यात ठरावीक ठिकाणे, तीही बिशपचे पीठ असलेल्या शहरांत नव्हेत. राजदरबारात नाही. पॅरिसमध्ये आणि पॅरिसभोवती पाच फ्रेंच कोसांत, म्हणजे साधारण वीस किलोमीटरांत, नाही. गंमत म्हणजे राजाची सख्खी बहीण कॅथरिन द बुर्बाँ कट्टर कॅल्व्हिनपंथी होती आणि भावाच्या दरबारात असताना स्वतःच्या दालनात प्रवचने करवून घेई. घरच्या माणसाला कोण अडवणार!

बाकीची कलमे रोजच्या जगण्याची. प्रॉटेस्टंटांनी कॅथलिक सणांना दुकाने उघडायची नाहीत. बंद दाराआड, शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही असे काम करायला हरकत नाही. दशांश, म्हणजे उत्पन्नावरचा धर्मकर, कॅथलिक धर्मगुरूंनाच द्यायचा. लग्नाच्या नात्यागोत्याचे नियम कॅथलिक चर्चचेच. उलटपक्षी शाळा, विद्यापीठे, इस्पितळे यांत धर्म पाहून नकार द्यायचा नाही. सगळ्या सरकारी पदांना ते पात्र. दफनभूमी वेगळी, पण द्यायचीच. पुस्तके छापून उघड विकायची ती प्रार्थनेची परवानगी असलेल्या गावांतच.

आणि फिर्याद. कॅथलिक न्यायाधीशासमोर ह्यूगेनॉटाला न्याय मिळेल यावर कोणाचाच विश्वास नव्हता. म्हणून पॅरिसच्या न्यायालयात एक खास कक्ष, आणि दक्षिणेत कास्त्र, ग्रनोब्ल व बोर्दोच्या हद्दीत अर्धे कॅथलिक, अर्धे प्रॉटेस्टंट न्यायाधीश असलेले कक्ष नेमले. माझ्या मते सगळ्या फर्मानात खरी कमाई ही. तलवार काढण्याऐवजी अर्ज करायला जागा मिळाली.

राजपत्रांत पैसा आणि किल्ले होते. पाळकांसाठी वर्षाला 45,000 एक्यू, आणि ह्यूगेनॉटांच्या ताब्यातल्या सुरक्षा-ठाण्यांतल्या शिबंदीसाठी 1,80,000 एक्यू. अशी लहानमोठी ठाणी दीडशेच्या आसपास. मुदत आठ वर्षे. म्हणजे राजाच्या प्रजेतला एक गट राजाच्याच पैशावर राजापासून संरक्षणासाठी किल्ले राखणार! आठ वर्षांनी काय, हे कोणी लिहिले नाही; मुदत पुढे वाढवत नेली गेली. जी गोष्ट ह्यूगेनॉटांना सर्वांत महत्त्वाची वाटत होती तीच सर्वांत कच्च्या कागदावर होती.

7 जानेवारी 1599

फर्मान काढले तरी ते लागू व्हायला पार्लमांनी नोंदवावे लागे. पार्लमां म्हणजे संसद नव्हे, ती प्रांतांची वरिष्ठ न्यायालये. राजाच्या हुकमाला हरकत घेण्याचा त्यांना रिवाजाने अधिकार. पोपचा दूत देशात असेपर्यंत हेन्रीने प्रकरण पुढे सरकवलेच नाही. तो गेल्यावर पॅरिसच्या पार्लमांने आडकाठी घातली. व्यासपीठांवरून प्रवचनकार पेटले होते, शहरात मिरवणुकीची भाषा सुरू झाली होती.

हेन्रीने न्यायाधीशांना लूव्हरमध्ये बोलावले, दरबारात नव्हे, आपल्या खासगी दालनात. त्या दिवशी तो जे बोलला त्याची टिपणे उपलब्ध आहेत आणि फ्रेंच राजकीय वक्तृत्वात त्याला तोड नाही. सुरुवात घरगुती: बघा, मी राजवस्त्रात नाही, तलवार नाही, साध्या अंगरख्यात आहे, बापाने मुलांशी बोलावे तसा बोलतोय. मग हळूहळू सूर चढतो. शहरांच्या तटांवर मी चढलो आहे, तेव्हा तुमचे रस्त्यावरचे अडथळे ओलांडणे मला जड नाही. मला कॅथलिक धर्म शिकवू नका, तुमच्यापेक्षा मी अधिक कॅथलिक आहे, चर्चचा थोरला मुलगा आहे. कॅथलिक आणि ह्यूगेनॉट असा भेद आता नको, सगळे चांगले फ्रेंच असले पाहिजेत. आणि शेवटी सरळ: मी आता राजा आहे, राजा म्हणून बोलतो, माझे ऐकले पाहिजे.

धमक, लाडीगोडी आणि अर्धवट थट्टा एकाच श्वासात. पण केवळ भाषणाने काम झाले नाही, हे सांगितले पाहिजे. पार्लमांने सौदा केला. काही कलमे गळाली, आणि पॅरिसच्या खास कक्षात बसणाऱ्या प्रॉटेस्टंट न्यायाधीशांची संख्या घटून एकावर आली. ह्यूगेनॉटांनी ओरड केली; हेन्रीने त्यांनाही वाट पाहायला लावली. 25 फेब्रुवारी 1599 रोजी पॅरिसने नोंद केली. ग्रनोब्ल, दिजाँ, तुलूज, बोर्दो, एक्स, रेन यांनी 1600 संपेपर्यंत केली. रूआँने पूर्ण नोंद करायला 1609 लावले, आणि राजा त्यावर चिडून सैन्य घेऊन गेला नाही. पोप क्लेमेंट मनापासून दुखावला होता. रोममधला फ्रेंच कार्डिनल दोसा त्याची समजूत काढत बसला. 1603 मध्ये हेन्रीने हद्दपार जेझुइटांना, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाच्या लोकांना, परत बोलावले, तेव्हा कॅथलिक बाजूचे बरेचसे रुसवे निघाले.

गावोगावी

फर्मान राबवायला प्रांतोप्रांती आयुक्तांच्या जोड्या गेल्या: एक कॅथलिक, एक प्रॉटेस्टंट, एकाच घोडदौडीवर. अशी जोडी गावात पोहोचली की दोन्ही बाजूंचे लोक गाऱ्हाणी घेऊन येत. 1596 मध्ये इथे प्रार्थना होत होती याला साक्षीदार कोण? दफनभूमीसाठी कोणती जमीन, तिची किंमत कोणी द्यायची? चर्चमधून नेलेली घंटा कुठे आहे? आयुक्त सगळ्यांसमोर निकाल देत आणि दोन्ही बाजूंकडून शांततेची शपथ घेत. आधीच्या फर्मानांच्या वेळीही असे आयुक्त नेमले होते. फरक हा की या वेळी त्यांच्या मागे जिंकलेला राजा होता आणि त्यांच्या निकालाविरुद्ध जाणाऱ्याला पाठीशी घालणारा कोणी गीझ उरला नव्हता.

पॅरिसच्या प्रॉटेस्टंटांचे काय झाले ते पाहिले की हा कागद प्रत्यक्षात कसा वाकवला जाई ते कळते. पाच कोसांच्या नियमामुळे आधी ग्रिन्यी, मग 1599 पासून सीन नदीकाठचे आब्लाँ. आब्लाँ पाच कोसांच्या आत होते, पण राजाने कानाडोळा केला. तरीही जाण्यायेण्यात पुरा रविवार जाई. हिवाळ्यात तान्ह्या बाळांना बाप्तिस्म्यासाठी इतक्या लांब न्यायचे कसे, ही तक्रार सारखी होत राहिली. 1606 साली हेन्रीने त्यांना शाराँतों दिले, शहरापासून जेमतेम दोन कोसांवर. स्वतःच्या फर्मानाचे 14वे कलम राजानेच मोडले, आणि कॅथलिक कुरकुरण्यापलीकडे गेले नाहीत.

शाराँतोंलाही बहुतेक लोक नावेने जात. राजाच्या ग्रंथालयाचा प्रमुख ईझाक काझोबों, मोठा ग्रीक पंडित आणि ह्यूगेनॉट, याच्या रोजनिशीत जुलै 1608 मधला एक रविवार आहे. बायकोसोबत नावेत स्तोत्रे म्हणत तो चालला होता, मागून एक जड पडाव येऊन आदळला. बायको बुडता बुडता वाचली. तिला लग्नात दिलेले स्तोत्रांचे पुस्तक मात्र नदीत गेले. पंथाच्या छळाची ही गोष्ट नव्हे, साधा नावेचा अपघात. पण राजाच्या पगारी विद्वानाला राजाच्या राजधानीत प्रार्थना करता येत नव्हती, ही त्यामागची वस्तुस्थिती.

जे राजासोबत गेले

14 मे 1610 रोजी फेरोनरी नावाच्या अरुंद रस्त्यात गाडी अडकली असताना फ्राँस्वा राव्हायाकने हेन्रीला भोसकले. राजाने ह्यूगेनॉटांना बळाने कॅथलिक केले नाही, हा त्याच्या जबानीतला एक राग. विधवा राणी मारी द मेदिचीने आठवड्याभरात फर्मान पुन्हा कायम केले. कायम करावे लागले, यातच त्याचे दुबळेपण दिसते: मजकुरात ‘शाश्वत आणि अपरिवर्तनीय’ असे लिहिलेले होते.

तेराव्या लुईच्या काळात किल्ल्यांचा भाग कोसळला. 1620 मध्ये राजा सैन्यासह बेआर्न या नैर्ऋत्येकडच्या प्रॉटेस्टंट प्रदेशात गेला, त्यानंतर पुन्हा युद्धे झाली आणि ऑक्टोबर 1628 मध्ये ला रोशेल उपासमारीने पडले. 1629च्या आलेसच्या तहाने राजाचा मुख्य मंत्री रिशल्यू याने ठाणी काढून घेतली, प्रार्थनेचे हक्क राहू दिले. यासाठी रिशल्यूला दोष देणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत नाही. राज्यातले सशस्त्र राज्य कोणत्याच राजाने फार काळ चालू दिले नसते, आणि हेन्रीनेही ते मुदतीवरच दिले होते. पण किल्ले गेल्यावर ह्यूगेनॉटांच्या हाती उरला फक्त कागद आणि राजाची मर्जी.

चौदाव्या लुईच्या वकिलांनी हा कागद फाडण्याआधी वीस वर्षे तो बारकाईने वाचला. 1661 पासून पुन्हा आयुक्त निघाले, आता हक्क मोजून कमी करायला. नियम असा लावला की फर्मानात जे स्पष्ट दिलेले नाही ते मना. 1596-97 साली इथे प्रार्थना होत होती, दाखवा कागद. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे कागद अनेक गावांकडे नव्हते. प्रार्थनामंदिरे पाडली गेली. अंत्ययात्रा किती वाजता काढायच्या हे फर्मानात नाही, तर मग पहाटे किंवा सांजवेळी काढा, आणि तीसच माणसे न्या. 1669 मध्ये पॅरिसचा खास कक्ष बंद झाला, 1679 मध्ये दक्षिणेतले मिश्र कक्षही. हेन्रीने भांडण मिटवायला जी तारीख आणि जे आकडे घातले होते, तेच आता फास म्हणून वापरले गेले. 1681 पासून प्वातूत घोडेस्वार शिपाई ह्यूगेनॉटांच्या घरांत उतरवले, धर्म बदलेपर्यंत.

ऑक्टोबर 1685 च्या फोंतेनब्लो फर्मानाने नांतचे फर्मान रद्द झाले. त्याची प्रस्तावना वाचण्यासारखी आहे. आजोबा हेन्री यांनी ते फर्मान काढले होते ते या लोकांना चर्चमध्ये परत आणण्याचे काम नीट करता यावे म्हणून. आता त्यांच्यातला चांगला आणि मोठा भाग कॅथलिक झालाच आहे, तेव्हा ते निरुपयोगी ठरले. हे धादांत खोटे आहे असे म्हणून सोडून देता येत नाही. 1598च्या प्रस्तावनेतच हेन्रीने लिहिले होते की सर्वांनी एकाच पद्धतीने उपासना करावी अशी देवाची इच्छा तूर्त तरी दिसत नाही. दोन धर्म एका राज्यात कायम नांदतील असे त्याने कुठेच म्हटले नाही. तसे म्हटले असते तर पॅरिसच्या पार्लमांने नोंद केलीच नसती. जी पळवाट ठेवल्यामुळे फर्मान संमत झाले, त्याच पळवाटेने ते रद्द झाले.

दीड ते दोन लाख ह्यूगेनॉट बंदी मोडून हॉलंड, इंग्लंड, ब्रांडेनबर्ग आणि थेट आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरच्या केपपर्यंत गेले. शिवकाळाच्या अभ्यासकांना माहीत असलेला जवाहिऱ्या ताव्हेर्निये, ज्याच्या प्रवासवर्णनात शिवाजी महाराजांचा उल्लेख येतो, हा 1605 साली पॅरिसमध्ये जन्मलेला प्रॉटेस्टंट, म्हणजे याच फर्मानाखाली वाढलेला माणूस. त्याची अखेर 1689 साली मॉस्कोत झाली. शाराँतोंचे प्रार्थनामंदिर 1685 मध्येच पाडले गेले. फ्रान्समध्ये उरलेल्यांची लग्ने कायद्याने लग्ने नव्हती आणि मुले औरस नव्हती. 1787 साली सोळाव्या लुईने त्यांना जन्म, लग्न आणि मृत्यूची नोंद करण्याचा हक्क दिला. उघड प्रार्थनेचा हक्क त्यातही नव्हता. तो मिळाला क्रांतीनंतर, आणि तेव्हा तो कोणा राजाने दिलेला नव्हता.